विनूला घेऊन काळ्या मातीत

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतलं आणि बाईने आपलं रडगाणंच लावलं. लोक नव्या मुलखात जातात ते तिथली देवळं, किल्ले, बाजार बघायला. मी वऱ्हाडात जाऊन बघितलं काय, तर विहिरीला कठडा आहे का, दाराला कडी आहे का आणि दवाखाना किती लांब आहे. ज्यांच्या घरी माझ्या भावासारखं माणूस आहे त्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी जरा धीर धरून वाचावं.

माझा भाऊ विनायक, आमचा विनू, पंचेचाळिशीला आला. त्याची समज लहान मुलाएवढीच राहणार असं तो पाळण्यात होता तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते कधी फारसं पटलं नाही, कारण लहान मूल हट्ट करतं आणि विनू करत नाही. त्याला अनोळखी माणूस, मोठा आवाज आणि हाताला चिकटणारं काहीही सहन होत नाही. रस्त्याने तो माझ्या ओढणीचं टोक धरून चालतो. आई गेल्यापासून चिपळूणच्या घरात आम्ही दोघंच. मी वाचनालयात नोकरी केली, निवृत्त झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही.

आता माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. ऑपरेशन पुण्याला, आणि त्यानंतर मावसबहिणीकडे विश्रांती. ती मला ठेवून घेईल, विनूला घेणार नाही. तिने हे तोंडावर सांगितलं आणि मला रागही आला नाही, तिच्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत. शिवाय ऑपरेशन नीट झालं तरी मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. माझ्यामागे विनूचं काय, हा प्रश्न इतकी वर्षं मी उशीखाली ठेवून झोपत होते. आता तो उघडून बघणं भाग होतं.

मूर्तिजापूरच्या पलीकडे, दर्यापूरच्या बाजूला, एक शेत आहे. तिथे विनूसारखी सात-आठ माणसं राहतात आणि शेतातली कामं करतात. माती, धान्य, पानं, जनावरं यांना हात लावून, वास घेऊन, आवाज ऐकून हळूहळू स्वतःचं स्वतः करायला शिकतात. तिथे विनू राहील का, एवढंच बघायला आम्ही निघालो. तो राहील या विचाराने मला धडकी भरायची आणि नाही राहणार या विचारानेही.

अमरावती

अमरावतीला आम्ही कुंदाकडे उतरलो. कुंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचे यजमान वकील. घर प्रशस्त, माणसं प्रेमळ, फक्त प्रत्येकाला प्रत्येक बाबतीत मत. संध्याकाळी वकीलसाहेब आम्हाला गिला वडा खायला घेऊन गेले. गिला म्हणजे ओला. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं, पण दह्यात भिजून मऊ झालेला तो वडा तोंडात टाकला आणि मुकाट्याने दुसरा मागितला. आमच्याकडे कोकणात दही म्हणजे भाताच्या शेवटी, आजारी माणसाला दिल्यासारखं. इथे त्याच दह्यात तिखट चटणी घालून कानातून धूर काढतात.

विनूने चमच्याने खाल्लं. दह्याचा एक थेंब त्याच्या बोटाला लागला, तेव्हा मात्र त्याने हात अंगापासून लांब धरला आणि नळ सापडेपर्यंत तसाच धरून उभा राहिला. लोक बघत होते. लोक बघतातच.

घरी परतल्यावर वकीलसाहेबांनी विषय काढला. “ताई, मी कोर्टातला माणूस आहे, स्पष्ट बोलतो. वाईट वाटून घेऊ नका. शेतात ठेवणार तुम्ही यांना?”

“बघायला तर जातेय,” मी म्हटलं.

“आमचा मुलूख सपाट. कुठूनही पाहा, सारखाच दिसतो. हे एकदा पऱ्हाटीत शिरले, तर तुम्ही कोणत्या दिशेला शोधाल?”

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं उभं पीक. हे मला कुंदाने मागून सांगितलं, पण भीती वाटायला मला अर्थाची गरजच लागली नव्हती. आमच्या चिपळूणला डोंगर असतात. माणूस हरवला तरी नदीच्या या अंगाला की त्या अंगाला एवढंच ठरवायचं असतं. इथे दिशाच नाही म्हणजे काय करायचं? मी त्याच क्षणी परतीची तिकिटं बघणार होते. विनू शेजारी बसून कुंदाच्या मांजराला लांबूनच “ये, ये” करत होता, त्याला बघून मी गप्प बसले.

मूर्तिजापूरहून पुढे

बडनेऱ्याहून गाडीने मूर्तिजापूर. स्टेशनाबाहेर जुन्या शकुंतलेचे, म्हणजे बंद पडलेल्या छोट्या आगगाडीचे, रूळ गवतात गेलेत. विनू ते बघायला थांबला आणि “गाडी कधी?” म्हणून विचारू लागला. रिक्षावाला म्हणाला, “ते नाई येत आता, भाऊ.” विनूने मान डोलावली आणि तरीही जरा वेळ वाट पाहिली.

दसरा होऊन गेला होता. ऊन मात्र आमच्याकडच्या वैशाखासारखं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती. हिरव्यावर पांढरे ठिपके, थेट आभाळ टेकतं तिथपर्यंत. वकीलसाहेबांचं म्हणणं खरं होतं, सगळं सारखं. जन्मभर तांबडी माती बघितलेल्या माणसाला ही माती जळल्यासारखी काळी दिसते. वरून ती सुकत चालली होती आणि तिला भेगा पडल्या होत्या, काही तर पाऊल आत जाईल एवढ्या रुंद. मी मनात म्हटलं, झालं, साप इथूनच येणार.

शेतावर मंदाताई उभ्या होत्या. पन्नाशीची, उंच बाई. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, इथल्या शेतावरच्या बायका घालतात तसा. शेत त्यांचंच. त्यांची मुलगी शालू जन्मापासून आंधळी. तिला घरातून गोठ्यापर्यंत एकटीला जाता यावं म्हणून मंदाताईंनी एक दोर बांधला, मग तो विहिरीपर्यंत नेला, मग शेताच्या बांधापर्यंत. आसपासच्या गावांतून लोक आपली माणसं घेऊन येऊ लागले आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. अकोल्याहून आठवड्यातून एकदा थेरपीच्या एक मॅडम येतात आणि कोणाला काय द्यायचं, कशापासून सुरुवात करायची ते सांगतात.

“या बाई. लय येळ लागला,” मंदाताई मला म्हणाल्या आणि विनूकडे वळल्या. “भाऊ, तुयं नाव काय?”

“विनायक,” मी म्हटलं. “आम्ही विनू म्हणतो.”

“मी त्याले इचारलं, बाई.”

मला चपराक बसल्यासारखं झालं. आमच्याकडे पहिल्या भेटीत माणूस असं बोलत नाही, निदान चहा होईपर्यंत तरी. मंदाताई मात्र रागावलेल्या नव्हत्या. त्या विनूकडे बघत उभ्या राहिल्या. मीही उभी. विनू खाली बघत माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होता. एक कोंबडी आमच्यामधून गेली. माझ्या जिभेवर ते नाव नुसतं नाचत होतं.

“विनू,” तो शेवटी म्हणाला.

“हां. विनूभाऊ, या.” मग मला म्हणाल्या, “इथं असंच हाये. ज्याले इचारलं त्यानं सांगायचं. बाकीच्यायनं थांबायचं.”

“किती वेळ?”

“तो बोलेपर्यंत.”

चहा खारट लागला. मला वाटलं कोणी चुकून मीठ घातलं. मंदाताई म्हणाल्या, “आमच्या भागात जमिनीतलं पानीच खारं हाये. नळाचं आज आलं नाई.” मी कप संपवला, पण मनात एक नवीनच भीती बसली. खाऱ्या पाण्याने विनूच्या मूत्रपिंडाला काही झालं तर? आता लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

शेतावर

विहिरीला कठडा होता आणि वर लोखंडी जाळी. मी जाळी हाताने हलवून बघितली. मग परत एकदा बघितली. दोर कंबरेएवढ्या उंचीवर होता. विहिरीपाशी त्याला मुठीएवढी गाठ होती, म्हणजे पुढे जायचं नाही, आणि गोठ्यापाशी बैलाची घुंगरं बांधलेली. शालूने माझा हात धरून दोरावर ठेवला. तिशीतली, गोरीपान, बोलायला आईसारखीच फटकळ.

“हात काहून ओला तुमचा?” ती म्हणाली. “भेता का?”

“गरम होतंय म्हणून,” मी म्हटलं.

“गरम तं आमालेबी होते.”

विनूला पहिल्या दिवशी मूग दिले. धान्याच्या कोठीत, म्हणजे एका थंड अंधाऱ्या खोलीत, मुगाचा मोठा ढीग होता. त्यात हात घालून खडे शोधायचे एवढंच काम. कोरडे, गुळगुळीत दाणे. विनूने आधी एक बोट घातलं, मग मनगटापर्यंत हात. आणि तो हसला. मला आठवत नाही तो आधी कधी असा हसला होता, आवाज न करता, तोंड उघडं टाकून. दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी सांभाराच्या वाफ्यातली ओली माती त्याच्यापुढे ठेवली. सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि इथे भाजीच्या निम्मी तीच घालतात. विनूने मातीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. मंदाताईंनी टोपली उचलून बाजूला ठेवली. “उद्या पाहू,” एवढंच म्हणाल्या. मी असते तर हात धरून घातले असते, किंवा टोपलीच लपवली असती.

जेवायला ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी आणि वाटीत हिरवा ठेचा. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, लाल जाळ रश्शात सोडलेल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते घामाच्या नावाने पुसत होते.

“विनूभाऊ, ठेचा?” शालूने विचारलं.

“तो तिखट...” मी सुरू केलं आणि मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घास गिळला.

विनूने खूप विचार केला. “दे,” म्हणाला. एवढासा ठेचा जिभेला लावला, लाल झाला, खोकला, नाक वाहू लागलं. मी पाण्याचा तांब्या उचलला. त्याने पाणी प्यायलं आणि ताट पुढे केलं. “अजून.” सगळी पंगत हसली आणि मीसुद्धा. आणि हसता हसता मला कसंतरी झालं. पंचेचाळीस वर्षं मी याला वरणभात घालत आलेय आणि याला तिखट आवडतं!

मग आली ती दुपार. जेवून मी ओसरीवर जरा आडवी झाले होते. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तर शेजारची सतरंजी रिकामी.

मी हाका मारल्या. गोठ्यात नाही, अंगणात नाही, मोरीत नाही. विहिरीकडे पळाले. जाळी जागच्या जागी होती, तरी मी तिच्यावर ओणवी होऊन आत बघत राहिले. आत फक्त काळं पाणी आणि त्यात माझंच डोकं. मग माझी नजर कपाशीवर गेली आणि वकीलसाहेबांचा आवाज कानात सुरू झाला. मी बांधावरून सरळ आत शिरले. कोणत्या दिशेला, ते मला आजही सांगता येणार नाही. बोंडांची टोकं हाताला ओरबाडत होती. एका भेगेत चप्पल अडकली आणि मी तोंडावर पडले. छातीत असं काही दुखायला लागलं की मला वाटलं, संपलं, आता विनूही नाही आणि मीही नाही. मी ओरडत होते. काय ओरडत होते कोण जाणे, बहुधा “विनू, विनू” एवढंच.

मंदाताईंनी मला दंडाला धरून उठवलं. “बाई, चूप. चूप राहा आधी.” मागून शालू दोराला धरून बांधापर्यंत आली होती.

“काहून वरडता?” शालू म्हणाली. “कोठीत हाये तो. मले सांगून गेला.”

“तुला सांगून गेला? मला का नाही सांगितलं?”

“तुमी झोपल्या होत्या. ताईले उठवू नका म्हने. तिची छाती दुखते म्हने.”

त्याला मी छातीचं काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांशी बोलताना त्याला बाहेर बसवायचे, गोळ्या त्याच्यासमोर घेत नसे. मी कोठीत गेले तेव्हा तो मुगाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. एकटा आला होता, ओढणीशिवाय. मी रागाने रडत होते. तो उठला. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं, आई थोपटायची तसं, आणि म्हणाला, “नाही काही. नाही काही.”

त्या दिवशी संध्याकाळी मी मंदाताईंना सांगून टाकलं की मला हे जमणार नाही, मी त्याला घेऊन जाते. त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या.

“आन् मंग? ऑपरेशनले त्याले संग नेसान?”

“बघीन काहीतरी.”

“काय पाहसान?” त्या म्हणाल्या. त्यांनी तुरीतला एक खडा काढून टाकला. “परवा सीतादही हाये आमच्या वावरात. तवा इचारू त्याले. तुमी नाई इचारायचं, म्या इचारन. तवरिक थांबा.”

सीतादही

कपाशीची पहिली वेचणी सुरू करण्याआधी इथे शेतात सीतादही करतात. आमच्याकडे नवं भात आलं की दाराला लोंबी बांधतात, त्यातलाच प्रकार, पण हे सगळं उघड्या वावरात. मंदाताईंनी कपाशीच्या झाडाखाली जागा सारवली, पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवला. मग सगळ्यांनी थोडा थोडा दहीभात घेऊन वावरात टाकायचा. शालूने मूठभर घेतला आणि हात फिरवून लांब फेकला. विनूची पाळी आली तेव्हा त्याने हात मागे घेतले. मंदाताईंनी पळसाच्या पानावर घालून दिला. त्याने पान दोन बोटांनी धरून भात झटकला आणि पानही फेकून दिलं. तेही चाललं.

जो त्या वर्षी नवीन आला असेल त्याने पहिला कापूस वेचायचा, ही या शेताची स्वतःची पद्धत. मंदाताईंनी विनूच्या कमरेला ओटी बांधली, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी. त्याने एका बोंडाला हात लावला. कापूस कोरडा असतो, चिकटत नाही. त्याने तो ओढून काढला, गालाला लावला, ओटीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा. मी बांधावर उभी होते आणि आता काय होणार ते मला माहीत होतं.

“विनूभाऊ,” मंदाताई म्हणाल्या, “आता सांग. इथं राहतं, का ताईसंग घरी जातं?”

सगळे थांबले. ही माणसं खरोखर थांबतात, उगीच खोकत नाहीत, पायही हलवत नाहीत. विनू ओटीतल्या कापसाकडे बघत होता. तो “घरी” म्हणाला असता तर मी त्याला घेऊन निघाले असते आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशनच्या वेळी काय करणार होते देव जाणे. तो “राहतो” म्हणाला असता तर मला वाटतं मी तिथेच बसले असते. मला दोन्ही नको होतं. मला फक्त तो प्रश्न परत घ्यायला हवा होता.

“ताई एकटी कशी जाईल?” विनू म्हणाला.

“जाईन न. मोठी हाये ते,” मंदाताई म्हणाल्या.

“नाही. ती घाबरते.” त्याने समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. “गाडीत घाबरते. रस्त्यावर घाबरते. मी धरतो तिला.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, शालूनेसुद्धा मान माझ्या दिशेला वळवली. ओढणीचं ते टोक इतकी वर्षं कोणी कोणासाठी धरलं होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं मी त्याला सांभाळते. त्याच्या लेखी माझी जबाबदारी त्याच्यावर होती, आणि तो ती कुरकुर न करता निभावत आला होता.

“असं करू,” मंदाताई म्हणाल्या. “तुयी ताई आज एकटी जाऊन दाखवीन. मूर्तिजापूरले राहीन आन् तिथून फोन करन. मंग सांगजो.”

विनूने पुष्कळ वेळ घेतला. “बरं,” म्हणाला. आणि मला जवळ बोलावून एकेक सांगू लागला. गाडी आली की मागे सरकून उभं राहायचं. कोणी दिलेलं खायचं नाही. पैशाची पिशवी पोटाशी धरायची. पोचलीस की फोन. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

मूर्तिजापूर

आईच्या मागे मी एकटीने कुठे गेलेलीच नाही. वाचनालयात, चिपळूणच्या बाजारातसुद्धा विनू बरोबर असायचा. त्या दुपारी रिक्षात बसले आणि शेजारची जागा रिकामी बघून मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. खांद्यावरची ओढणी सारखी घसरत होती, कारण तिला ओढणारं कोणी नव्हतं. वाटेत एका ठिकाणी पंक्चर झालं. रिक्षावाला चाक काढायला बसला आणि मी त्या सपाट मुलखात उभी राहिले, दोन्ही बाजूंना कापूस, मध्ये मी, आणि एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली ती “कुठी जाता, बाई?” म्हणून विचारून गेली. मी “मूर्तिजापूरला” म्हटलं. ती “हं” म्हणाली आणि पुढे गेली. तेवढ्याचाही मला आधार वाटला.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. स्टेशनजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. चादर स्वच्छ होती, पंखा कुरकुरत होता. खिडकीबाहेर चहाच्या टपरीवर माणसं मोठमोठ्याने बोलत होती. ती भांडत नव्हती, इथे असंच बोलतात हे आता मला कळत होतं, पण अंगाला कळत नव्हतं. मी दाराला कडी घातली. कडीला टॉवेल बांधला. टेबलाजवळची खुर्ची ओढून दाराला लावली. मग पलंगावर पिशवी पोटाशी धरून बसले आणि अजून उजेड होता तोवरच फोन लावला.

मंदाताईंनी उचलला. विनूला हाक मारली. तो यायला बराच वेळ लागला. मागून घुंगरांचा आवाज येत होता, कोणीतरी भांडी लावत होतं.

“ताई? पोचलीस?”

“पोचले.”

“एकटी?”

“एकटी.”

तो थांबला. मीही थांबले, शिकवलं होतं तसं.

“घाबरलीस?”

माझे दात वाजत होते. मी जबडा हाताने दाबून धरला. आमच्या घरात विनूशी कोणी खोटं बोलत नाही, आईची सक्त ताकीद होती. त्याला खोटं कळत नाही, म्हणून त्याच्याशी ते बोलायचं नाही.

“नाही रे,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”

“खरं?”

“खरं.”

“मग मी राहतो,” विनू म्हणाला आणि त्याने फोन मंदाताईंकडे देऊन टाकला.

“आयकलं न, बाई?” मंदाताई म्हणाल्या.

“ऐकलं,” मी म्हटलं, फोन ठेवला आणि उठून दाराला लावलेली खुर्ची आणखी जरा घट्ट सरकवली.